फिल्मचा फोटो नको, स्कॅनचा आख्खा फोल्डर आणा

इम्प्लांटसाठी (गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू) सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) आणि कॉम्प्युटरवर प्लॅनिंग करायला औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, पार तुळजापूरहून लोक आमच्याकडं लातूरला येतात, आणि काउंटरवर रोज एकच गोष्ट होतेय म्हणून हे छापून घेतलं. पेशंट खिशातून मोबाईल काढतात, "स्कॅन झालाय की, हे बघा" म्हणून व्हॉट्सॲपवरचा फोटो दाखवतात. कुणी भल्यामोठ्या पाकिटातली फिल्म आणतं. यावर प्लॅनिंग होत नाही म्हणलं की चिडतात, आणि चिडणारच, एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीनं आलेले असतात.

तर आधी हे समजून घ्या. मशीन डोक्याभोवती फिरतं ते साधारण १० ते २० सेकंद, तेवढ्यात शेकडो फोटो घेतं आणि कॉम्प्युटर त्यातून जबड्याचं थ्रीडी चित्र तयार करतो. ते सगळं डायकॉम नावाच्या खास प्रकारच्या फाईलमध्ये साठवलेलं असतं, बऱ्याचदा एका पेशंटच्या एका फोल्डरात अशा शेकडो फाईली. फिल्मवर छापतात ते त्यातले निवडक काप फक्त. डॉक्टरला एक नजर टाकायला ते ठीक आहे, पण फिल्म बघून इम्प्लांटची जागा ठरवणं म्हणजे सातबारा बघून बोअर कुठं घ्यायचा ते ठरवणं. खाली काय आहे ते त्यात नाहीच.

आणि खाली बरंच काही असतं. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाकडं जाणारी नस असते, तिला धक्का लागला तर ओठ, हनुवटी बधिर राहू शकते. म्हणून इम्प्लांटचं टोक आणि नस यात निदान २ मिलिमीटर जागा सोडतात. वरच्या दाढांच्या वर सायनसची, म्हणजे हवेची, पोकळी असते. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये ३ मिलिमीटर, असा सगळा हिशोब असतो. साध्या ओपीजीत, म्हणजे सगळ्या दातांच्या सपाट एक्स-रेत, चित्र मुळात मोठं होऊन येतं आणि हाडाची जाडी तर दिसतच नाही. आम्ही स्क्रीनवर आधी दात कुठं यायला पाहिजे ते ठरवतो, मग त्याखाली इम्प्लांट बसवून बघतो, तुमच्या डॉक्टरला दाखवतो, त्यांनी हो म्हणल्यावरच सर्जिकल गाईड, म्हणजे ड्रिल ठरलेल्या जागीच शिरावा म्हणून तोंडात बसवायचा साचा, प्रिंट करतो. गाईड असलं म्हणजे केसाचाही फरक पडत नाही असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, एक-दीड मिलिमीटरचा फरक गाईडनंसुद्धा पडू शकतो, त्यासाठीच ती २ मिलिमीटरची जागा.

आता पेनड्राईव्ह. आणतात पण त्यात गाणी, लग्नाचे व्हिडिओ आणि स्कॅनचा नुसता शॉर्टकट. झेरॉक्सच्या दुकानात कॉपी करून घेतलेलं असतं, तिथल्या कॉम्प्युटरमधला व्हायरस फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट करून ठेवतो, घरी बघितलं तर सगळं जागेवर आहे असंच वाटतं. कुणी सीडीतली फक्त बघायच्या सॉफ्टवेअरची फाईल उचलतं, बाकीच्या फाईलींची नावं नुसते आकडे दिसतात म्हणून डिलीट. तेच आकडे म्हणजे तुमचा जबडा आहे! काही उचलू नका, काही उघडू नका, सीडी जशी दिली तशी आणा. सीडीच सापडत नसेल तर स्कॅन जिथं काढला त्यांना फोन करून "डायकॉम डेटा पाहिजे" एवढंच म्हणा, बहुतेक ठिकाणी काही महिने तरी ठेवलेला असतो.

दुसरीकडचा स्कॅन आम्ही चालवून घेत नाही अशी बोलवा आहे, ते खरं नाही. नीट असेल तर त्यावरच काम करतो, पुन्हा काढायला लावून आमचा काय फायदा, म्हणजे पैशाचा आहे म्हणा, पण सीबीसीटीला ओपीजीपेक्षा किरणं जास्त लागतात आणि विनाकारण दोनदा द्यायची नसतात. नाही म्हणतो ते दोन-तीन कारणांनी. पेशंट हलला असेल तर चित्र डबल येतं. कानातलं, नथ, धातू असलेली कवळी न काढता काढला असेल तर धातूच्या पांढऱ्या रेघा सगळीकडं. आणि तिसरं म्हणजे जुना स्कॅन. लोक पेरणीच्या आधी स्कॅन काढतात, दात काढून घेतात आणि सोयाबीनचे पैसे आले की दिवाळीनंतर इम्प्लांटला येतात. दात काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी वर्षभरात निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच, मग तो स्कॅन काय कामाचा. पैशाची सोय झाल्यावरच स्कॅन काढा, आम्हीच सांगतोय.

कवळी वापरणाऱ्यांनी कवळी घेऊनच या, घरी डब्यात ठेवून नाही. सगळे दात गेलेले असतील तर कवळीला खुणा लावून दोन स्कॅन करावे लागतात, एक तोंडात घालून, एक नुसत्या कवळीचा. ढिली झालेली असेल तर आधी डॉक्टरकडून बसती करून घ्या.

गुटखा, खर्रा खाणाऱ्यांनी लाजू नका. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी तोंड दोन बोटंसुद्धा न उघडणारे पेशंट येतात. गाईडमधून वापरायचा ड्रिल लांब असतो, मागच्या दाढांपाशी तो शिरतच नाही, आणि हे गाईड प्रिंट झाल्यावर कळलं तर तुमचे पैसे वाया. आधी सांगितलं तर डॉक्टर दुसरा मार्ग काढतात.

प्लॅनिंगचे पैसे वेगळे का, हे पण विचारायलेत. स्कॅन काढणं पाच मिनिटांचं काम आहे, त्यानंतर तोंडातल्या स्कॅनरचं चित्र आणि सीबीसीटी एकमेकांवर बसवणं, नस आखणं, डॉक्टरशी दोन-दोनदा बोलणं, याला कधी अर्धा दिवस जातो. त्या पैशांत तुमच्या नावाचा कोरा पेनड्राईव्ह धरलेला आहे, आणि एक कॉपी आमच्याकडं राहते, हरवलं तर फुकट देतो.

जुना स्कॅन असेल तर निघायच्या आधी आख्ख्या फोल्डरची झिप करून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही, जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा. फाईल उघडतेय का, चालतेय का, ते त्याच दिवशी कळवतो. मग गाडीत बसा.