हवामान बदलाला वेळापत्रकात तासिका कोण देणार?

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस मात्र सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व सह्याद्रीच्या पट्ट्यात विशेष जाणवली. राज्याची पाठ्यपुस्तके तयार करणारी बालभारतीही याच शहरात आहे.

पाऊस घटत असेल, तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला एवढा मोठा पूर कसा आला, हा प्रश्न सहावीतल्या मुलालाही पडेल. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे कोरडे दिवस वाढले, तरी पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. अर्थात, एकाच रात्रीचे सारे खापर हवामान बदलावर फोडता येत नाही, कारण ओढ्याचे पात्र बांधकामांनी आवळत आणले होते. ही दोन कारणे वेगळी करून पाहता येणे मला या शिक्षणाचा गाभा वाटते, आणि त्यासाठी निबंध व घोषवाक्य स्पर्धा पुरेशा नाहीत.

पर्यावरण शिक्षण सक्तीचे करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेल्यामुळे केंद्र आणि राज्य, दोघांनाही यात निर्णय घेता येतो. आपल्याकडे या विषयाला उघड विरोध करणारा पक्ष शोधूनही सापडणार नाही; तरीही त्यासाठी आग्रह धरणारे थोडेच. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला, तो श्रेणीचा. आणि ज्याचे गुण टक्केवारीत धरले जात नाहीत, त्याच्या तासिका परीक्षा जवळ आली की गणिताकडे जातात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

इटलीचे शिक्षणमंत्री लोरेन्झो फिओरामोंटी यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये शाळांत हवामान बदलाचे धडे सक्तीचे करण्याची घोषणा केली आणि शिक्षणाला पुरेसा निधी मिळत नाही म्हणून दोन महिन्यांच्या आतच राजीनामा दिला. मात्र नागरिकशास्त्राला वर्षाला किमान ३३ तास देणारा कायदा त्याआधीच झालेला होता आणि शाश्वत विकास हा त्याचा एक भाग होता. त्यामुळे मंत्री गेले, तरी सप्टेंबर २०२० पासून ते तास वेळापत्रकात आले.