बुरशी वेगळी, हेझ वेगळी

गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात कुणी जुनी लेन्स उचलतो, मोबाइलचा टॉर्च आत मारतो, कडेला पांढरी रेघ दिसते आणि शब्द ठरलेला असतो: ‘फंगस!’ लेन्स परत टेबलावर. तोच माणूस चार पावलांवर सगळी काच दुधट झालेली, म्हणजे हेझ आलेली, दुसरी लेन्स हसत विकत घेतो, कारण विकणारा म्हणतो, ‘जुन्या काचेचा लूकच तसा मऊ असतो, पात्रांव.’ हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी मध्ये तोंड घालतो. सोडून दिलेली लेन्स बहुतेक वेळा चांगली असते आणि घेतलेली आजारी.

बुरशी काय असते हे गोव्यात कुणाला शिकवायला नको. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढात चपला, पट्टे, लग्नाचा अल्बम, सगळ्यांवर जी येते तीच लेन्सवर येते. धूळ आणि बोटांचा तेलकटपणा एवढं अन्न तिला पुरतं. वेळीच काढली नाही तर तिच्यातून सुटणारं आम्ल आधी कोटिंग, म्हणजे काचेवरची चकाकी कमी करणारा पातळ थर, खातं, मग काच. ‘एका लेन्सची दुसरीला लागते’ म्हणून लेन्सला वाळीत टाकणाऱ्यांना एवढंच सांगतो, की बीजाणू तुमच्या कपाटात आधीच आहेत. त्यांना हवी असते ती दमट हवा.

हेझमध्ये जिवंत काही नसतं. फोकसची रिंग ज्या आट्यांवर फिरते तिथे ग्रीस असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं त्यातलं तेल उडतं आणि आतल्या काचांवर, विशेषतः डायफ्रामच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्यांच्या) अलीकडे-पलीकडे, थरासारखं बसतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा विसरलात तर त्याला हातभार लागतो. बुरशी आषाढाची, हेझ वैशाखातली. (एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर येते ती वाफ. दहा मिनिटं थांबा, जाते. तिच्यासाठी मेकॅनिककडे धावू नका.)

ओळखणं अवघड नाही. डायफ्राम पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि समोरून थोडं तिरकं बघा. सरळ बघाल तर नवी कोरी लेन्ससुद्धा घाण दिसेल. बुरशीला फांद्या असतात, पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या किंवा कोळिष्टकासारख्या, आणि ती बहुधा कडेकडून आत सरकते. हेझला आकारच नसतो. कंदिलाची चिमणी नीट पुसली नाही तर राहते तशी, काचभर सारखी धुरी. बोट ठेवून ‘इथे आहे’ म्हणता येत नाही, म्हणून तर ती नजरेतून सुटते.

खरा घोळ पुढे आहे. कडेला असलेली थोडीशी बुरशी फोटोत जवळजवळ दिसतच नाही. ती काचेचा एक कोपरा अडवते, बाकी काच आपलं काम करत राहते. हेझ मात्र सगळ्या काचेवर असते. आत येणारा उजेड ती विखुरते आणि तो विखुरलेला उजेड फोटोभर पसरतो. पांढऱ्याला फारसं काही होत नाही. मरतो तो काळा. सावल्या राखाडी होतात, दिव्याभोवती प्रभा येते, आणि लोक म्हणतात, ‘वा, काय व्हिंटेज!’ व्हिंटेज कसलं, ते उडालेलं ग्रीस आहे.

जुन्या काचेचा स्वतःचा स्वभाव असतो हे मलाही मान्य आहे, नाहीतर मी हे वेड धरलंच नसतं. रशियन हेलिओस 44-2 ही लेन्स पार्श्वभूमी गरगर फिरवते, ते तिच्या काचांच्या रचनेमुळे, आणि कितीही स्वच्छ केली तरी फिरवतेच. त्साइस या जर्मन लेन्स कंपनीत कोटिंगचा शोध 1935 साली लागला, पण सर्रास कोटिंग युद्धानंतरच आलं. त्याआधीची लेन्स ऊन समोर घेतलं की फिकी पडते, हेही खरं. पण सूर्य पाठीशी घ्या, डायफ्राम थोडा आवळून एफ/8 लावा, तीच लेन्स बऱ्यापैकी घट्ट काळा देते. सूर्य पाठीशी असूनही सगळं धुवट येत असेल तर तो स्वभाव नाही, आजार आहे.

आणि हे फिल्मच्या स्कॅनवर तपासू नका. स्कॅनर स्वतःच काळ्याला काळं करून देतो आणि दुखणं झाकतो. निगेटिव्ह हातात घ्या, खिडकीकडे धरा. तिच्यात सगळं उलटं असतं, उजेड गडद आणि सावली पारदर्शक. एक्स्पोजर बरोबर असेल तर दृश्यातली सगळ्यात गडद सावली निगेटिव्हवर दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीच्या जवळपास पारदर्शक दिसली पाहिजे. जुनाट फिल्म असेल तर ती पट्टी आणि छिद्रांची कडसुद्धा करडी होते. पट्टी स्वच्छ आणि सावली मात्र करडी भरलेली असेल तर संशय लेन्सवर घ्या. फिल्मचा हा मोठा आनंद, पुरावा हातात धरता येतो.

सांभाळण्यातही तोच गोंधळ. बुरशीसाठी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र, काटा 40 ते 50 टक्क्यांवर. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायचं, पण भाजीच्या कढईत नाही. चामड्याची केस फेकून द्या, ती बुरशीचं माहेर. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणाऱ्यांना मी हात जोडतो. तांदळाचं पीठ लेन्सला पोचतं, ओल मात्र तशीच राहते. बुरशीसाठी लेन्स उन्हात ठेवायची असेल तर कॅमेऱ्यावरून काढून ठेवा. आत आरसा नसलेल्या, कापडी शटरच्या कॅमेऱ्यावर लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली तर पडद्याला भोक पडू शकतं. हेझला मात्र यातल्या कशानंही फरक पडत नाही. लेन्स उघडून पुसली पाहिजे आणि ग्रीस बदललं पाहिजे, नाहीतर काही वर्षांनी ती पुन्हा हजर.

हे सगळं मला मामाच्या कॅमेऱ्यानं शिकवलं. मामा बोटीवर नोकरीला होता, सत्तरच्या दशकात सिंगापूरला त्यानं यशिका इलेक्ट्रो 35 घेतला. मला तो मिळाला तेव्हा एका दुकानदारानं ‘फंगस आहे, ठेवून द्या’ म्हणून परत केला. मी तरीही मंगेशीला नेला. सूर्य पाठीशी, पांढरा दीपस्तंभ, बाजूला चिऱ्यांच्या घराचा उघडा दरवाजा. दरवाज्याच्या आतला अंधार ताकासारखा आला. मित्रांनी तोच फोटो सगळ्यात जास्त वाखाणला.

पुढे जुने कॅमेरे उघडणाऱ्या एका कारागिरानं पुढच्या काचा काढून अल्कोहोलनं पुसल्या. कापसाचा बोळा पिवळट झाला. बुरशीचा एक धागा नव्हता. मग तीच जागा, तीच फिल्म, तेच एफ/8. दुसरा प्रिंट मामाला दाखवला. त्यानं दरवाज्यातल्या काळ्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, ‘हां, आमचे बोटीवरचे फोटो असेच यायचे. मग मधे तुझं काय बिघडलं होतं?’