गरोदरपणातील पौष्टिक पदार्थांची सुरक्षितता (नाशिक परिसर)

एरवी पौष्टिक मानला जाणारा एखादा पदार्थ गर्भारपणात खावा की टाळावा, याचा निवाडा घरात ‘उष्ण’ आणि ‘थंड’ या कसोटीवर होतो. दवाखान्यात तो जीवनसत्त्वांची मात्रा, जंतुसंसर्ग आणि विषारी अंश यांवरून होतो. नाशिक जिल्ह्यात दोन्ही कसोट्या एकाच ताटाला लागतात, आणि ते ताटही तालुक्यागणिक बदलते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडे नागली (नाचणी), सिन्नर-येवल्याकडे बाजरी, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात डाळिंब, निफाड-दिंडोरीत द्राक्षे. पहिलटकरणीला आजेसासूपासून शेजारणीपर्यंत सगळे ज्या मनाया सांगतात, त्यांत पपई, तीळ, बाजरी, अंडी, शेवगा ही नावे हटकून असतात. यांतले बहुतेक पदार्थ निर्दोष आहेत. उलट ‘खा, अंगी लागेल’ म्हणून आग्रहाने वाढल्या जाणाऱ्या काही गोष्टींतच जपावे लागते.

पपईची भीती सर्वांत जुनी आणि पूर्णपणे निराधारही नाही. कच्च्या व अर्धवट पिकलेल्या पपईच्या चिकात पपेन, कायमोपपेन यांसारखी विकरे (एन्झाइम) असतात. उंदरांवरच्या २००२ सालच्या एका प्रयोगात या चिकाने गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावले, पिकलेल्या फळाच्या रसाने मात्र तसे काही झाले नाही. म्हणून कच्च्या पपईची भाजी, कोशिंबीर टाळावी. पूर्ण पिकलेल्या, चीक जिरलेल्या फळाच्या दोन फोडींनी गर्भ पडतो असे मानायला आधार नाही. अननसाचेही साधारण तसेच. शेवग्याच्या शेंगा आणि पानांची भाजी चालते, पण झाडाची साल आणि मूळ औषध म्हणूनही घेऊ नये. तीळ आणि बाजरी जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने अपाय होत नाही. शेंगदाणेही चालतात, फक्त बुरशी धरलेले किंवा कडवट लागणारे दाणे निवडून टाकावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते.

खरी सावधगिरी कलेजीच्या बाबतीत हवी. ‘रक्त वाढते’ म्हणून मांसाहारी घरांत गर्भवतीसाठी ती मुद्दाम आणली जाते. तिच्यात लोह भरपूर असते हे खरे, पण रेटिनॉल या रूपातले अ जीवनसत्त्वही प्रचंड असते. गरोदरपणात तयार रेटिनॉलची दिवसाची कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम धरली जाते, आणि वाटीभर कलेजीत ती सहज ओलांडली जाते. हे जीवनसत्त्व यकृतात साठून राहते. अतिरेक झाला तर पहिल्या तीन महिन्यांत, गर्भाचे अवयव घडत असताना, जन्मजात व्यंगाचा धोका असतो. ब्रिटनमध्ये १९९० पासून गर्भवतींना कलेजी टाळायलाच सांगितले जाते. कधीतरी दोन तुकडे पोटात गेले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. दर आठवड्याचा नेम मात्र नको. माशाच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्यांनाही हेच लागू. गाजर, लाल भोपळा, शेवग्याची पाने यांतले कॅरोटीन शरीर गरजेपुरतेच अ जीवनसत्त्वात बदलते, त्यामुळे त्या भाज्यांबाबत ही चिंता नाही.

पदार्थ कच्चा आहे की शिजलेला, याला ‘उष्ण-थंड’ विचारात फारसे स्थान नाही. वैद्यकीय दृष्टीने तोच मोठा मुद्दा आहे. मोड आलेल्या कडधान्यांचे उदाहरण घ्या. वजनाच्या काळजीपायी नाशिककर गर्भवती मिसळ सोडते आणि तिच्या जागी मोडाचे कच्चे मूग, वर लिंबू पिळून, खाऊ लागते. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल साल्मोनेलासारख्या जंतूंनाही मानवते, आणि दाण्याच्या आत शिरलेले जंतू धुऊन निघत नाहीत. मिसळीतली मटकी निदान रटरटून शिजलेली असते. तर्रीने जळजळ होईल, पित्त खवळेल, फरसाणाचे मीठ आणि तेल पोटात जाईल, या तक्रारी वेगळ्या. जंतूंच्या हिशेबात कच्च्या मुगापेक्षा ती बरी. मोडाचे मूग वाफ आणून पूर्ण शिजवले की प्रश्न मिटतो.

धारोष्ण दुधाचे कौतुक खेड्यांत अजून ऐकू येते. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला आणि लिस्टेरिया हे जंतू येऊ शकतात. लिस्टेरियाने आईला साधा ताप येऊन गर्भ दगावल्याचीही उदाहरणे आहेत. दूध उकळूनच प्यावे. अंडे उकडून, बलक घट्ट झाल्यावर खावे, दुधात कच्चे फोडून घेऊ नये. मासे खाणाऱ्या घरांत रोहू, कटला, बांगडा, बोंबील चालतात. मोरीसारख्या (शार्क) मोठ्या शिकारी माशात पारा साठतो म्हणून ती टाळावी.

रक्तवाढीसाठी डाळिंब आणि बीट यांच्यावर सर्वांचा भरवसा. लाल रंगामुळे ही समजूत टिकली असावी, कारण डाळिंबाच्या शंभर ग्रॅम दाण्यांत लोह एक मिलिग्रॅमही नसते. गर्भवतीची दिवसाची गरज २७ मिलिग्रॅम धरली जाते. डाळिंब जरूर खावे, पण लोहासाठी नव्हे. बाजरीत लोह बरे असते आणि नागलीत कॅल्शियम शंभर ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, तरी धान्यांतले फायटेट हे द्रव्य त्यांचे शोषण अडवते. भाकरीबरोबर लिंबू किंवा आवळा घेतला तर लोह जास्त लागू पडते आणि जेवल्याबरोबर चहा घेतला तर कमी. चहा तासभर पुढे ढकलणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, पण घरात सर्वांत अवघड तोच जातो. अळीव आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीसाठी असतात. गरोदरपणी अळीव मोठ्या प्रमाणात खाणे सुरक्षित असल्याचा भक्कम मानवी पुरावा नाही, तेव्हा ते बाळंतपणानंतरच देण्याची जुनी चाल मोडायचे कारण दिसत नाही. यांतले काहीही गोळीची जागा घेऊ शकत नाही: सरकारी कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी रोज एक, अशी १८० दिवस दिली जाते. ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. भाजकी माती किंवा खडू खावासा वाटणे हे नुसते डोहाळे समजू नयेत; पुष्कळदा मुळाशी लोहाची कमतरता असते, आणि मातीतून शिसेही पोटात जाऊ शकते.

द्राक्षांवरही गर्भवतीला मनाई सांगतात. फळ म्हणून ती सुरक्षित आहेत. मात्र शंभर ग्रॅममध्ये पंधरा-सोळा ग्रॅम साखर असल्याने गरोदरपणातला मधुमेह निघालेल्या स्त्रीने प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मण्यांवरची पांढुरकी लव म्हणजे औषध नव्हे, तो फळाचा स्वतःचा मेणचट थर असतो. फवारणीचे अंश डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून घड सुटा करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावा. शेतकऱ्याच्या घरी मांडवातून तोडून तसाच तोंडात टाकायची सवय असते, तीही या महिन्यांत बाजूला ठेवावी. मूठभर द्राक्षे खाणारीपेक्षा जास्त जोखीम बागेत राबणारीला आहे: फवारणी चालू असताना किंवा छाटणीनंतर काड्यांना हायड्रोजन सायनामाइड हे डोळे फुटण्यासाठीचे रसायन लावताना गरोदर बाईने बागेत असूच नये. गंगापूर धरणाच्या परिसरातल्या वाइनबाबत उत्तर सरळ आहे: गरोदरपणात मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित ठरलेली नाही.

पदार्थांच्या मनायांहून जास्त नुकसान एका वेगळ्या समजुतीने होते. शेवटच्या महिन्यांत कमी खाल्ले तर बाळ लहान राहून बाळंतपण सुटसुटीत होते, असे अनेक घरांत मानतात. प्रत्यक्षात याच काळात रोज साधारण ३५० किलोकॅलरी जास्त लागतात, आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर त्रास अधिक होतो. आदिवासी भागात २०१५ पासून चालणाऱ्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतल्या स्त्रियांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, आणि अंडे किंवा केळी. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास पेठ-सुरगाण्याची कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या बागांवर उतरतात. त्यांतल्या गर्भवतींचे गावच्या अंगणवाडीतले जेवण नेमके तेव्हा सुटते, आणि बागेवर न्याहारीला चहा आणि पाव एवढ्यावर भागवले जाते.