८० मागितला, २०४८० आला

सी मध्ये पहिल्यांदा गेटसर्व्हबायनेम, म्हणजे सर्व्हिसचं नाव दिलं की ती मशीनवर ज्या नंबरवर भेटते तो पोर्ट सांगणारं फंक्शन, वापरलं तेव्हा एचटीटीपी आणि टीसीपी अशी दोन नावं पाठवून पोर्ट प्रिंट केला, तर स्क्रीनवर ८० च्या जागी २०४८०. अर्धा दिवस खाल्ला राव त्याने. उत्तर येतं ते नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये, मोठा बाइट आधी, आणि आपलं इंटेल नेमकं उलटं, त्यामुळे क्रम आपल्या मशीनसारखा करणाऱ्या एनटोएचएसमधून काढल्याशिवाय ते वाचायचंच नसतं. जोडणी करणाऱ्या कनेक्ट फंक्शनला पोर्ट त्याच नेटवर्कच्या क्रमात लागतो म्हणून आलेला आकडा तसाच उचलून ॲड्रेसमध्ये टाकायचा, असा हिशोब.

हे फंक्शन १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समधलं, सॉकेट्सच्या (प्रोग्रॅमने नेटवर्कवर बोलायची सोय) बरोबरीने आलेलं. ती बीएसडी चालायची व्हॅक्स कॉम्प्युटरवर, आणि व्हॅक्ससुद्धा इंटेलसारखंच उलटं, म्हणजे ही कटकट पहिल्या दिवसापासूनची आहे.

कुठल्या सर्व्हिसला कुठला नंबर ही यादी मात्र त्याच्याही आधीची. मे १९७२ मध्ये आर्पानेटवरच्या (इंटरनेटचा पूर्वज) जॉन पोस्टेलने आरएफसी ३४९ (नेटवर्कवाल्यांच्या नंबर घातलेल्या टिपणांपैकी एक) लिहिला आणि सुचवलं की ठरलेले सॉकेट नंबर, म्हणजे आजच्या पोर्टचे पूर्वज, वाटायला कुणीतरी एक झार असावा, आणि पुढे हळूच कंसात, मीच का? झालंही तसंच, पुढे कित्येक वर्षं नंबर वाटायचं काम त्याच्याचकडे. त्या यादीत टेलनेट १, फाईल ट्रान्सफर ३, रिमोट जॉब एंट्री ५, एको ७, डिस्कार्ड ९. सगळे विषम! कारण तेव्हाच्या एनसीपी या प्रोटोकॉलमध्ये एक कनेक्शन एकाच दिशेने चालायचं, जायला एक सॉकेट यायला एक, म्हणून सम-विषम अशी जोडीच अडकायची. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट टीसीपीवर गेलं, तिथे एका पोर्टवर दोन्हीकडचं बोलणं होतं, पण खोड काही गेली नाही, एफटीपी २१, टेलनेट २३, एसएमटीपी २५. मधला २२ मोकळाच होता, तो १९९५ मध्ये तातू इलोनेनने आपल्या एसएसएचसाठी (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) मागून घेतला. एको आणि डिस्कार्ड अजूनही ७ आणि ९ वरच.

यादी छापील आरएफसीतून यायची, शेवटची १९९४ ची १७००, मग सगळं हे नंबर सांभाळणाऱ्या आयानाच्या ऑनलाईन रजिस्ट्रीत गेलं. आपल्या मशीनवरची एटसीमधली सर्व्हिसेस फाईल म्हणजे त्यातलाच एक तुकडा, साधी टेक्स्ट फाईल. विंडोजमध्येसुद्धा सिस्टम३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्यात एटसी नावाचं फोल्डर सापडतं, बघा कधी.

दुसरी खोच म्हणजे गेटसर्व्हबायनेमच्या उत्तराची मेमरीतली जागा एकच, स्टॅटिक, दरवेळी तीच. एचटीटीपीचा पॉइंटर जपून ठेवला आणि मग एसएमटीपी विचारलं की पहिलाही एसएमटीपी होऊन बसतो. थ्रेड्स आल्यावर तर विचारूच नका. म्हणून १९९७ च्या आरएफसी २१३३ मध्ये गेटॲड्रइन्फो आलं, होस्ट आणि सर्व्हिस एकदमच शोधतं, उत्तर दरवेळी नव्या मेमरीत, फ्री आपण करायचं. नवीन कोडमध्ये तेच वापरा, वाद नको.

पण आतून तेही त्याच फाईलकडे जातं. डेबियनमध्ये ती नेटबेस पॅकेजातून येते आणि छोट्या कंटेनर इमेजमध्ये ते पॅकेज नसतंच, मग लॅपटॉपवर गुण्यागोविंदाने चालणारा प्रोग्रॅम तिथे "सर्व्हनेम नॉट सपोर्टेड फॉर एआय सॉकटाईप" म्हणत बसतो. एचटीटीपीच्या जागी नुसतं ८० लिहिलं की चालतो.