वॅक्सला यायच्या आधी हे वाचून घ्या, नाजूक स्किनवाल्यांनी तर नक्कीच

ताई, वहिनी, काकू आणि कॉलेजच्या पोरींनो, वॅक्स काय असते, थ्रेडिंग काय असते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण लग्नसराई लागली की आमच्याकडे रोज एकच गोष्ट होऊन राहिली. संध्याकाळी हळद असते आणि दुपारी नवरीला घेऊन चार जणी येतात, पोरीचं आयुष्यातलं पहिलं वॅक्स असते, हातपाय तर हातपाय पण तोंडाचंही करून द्या म्हणतात, आणि मी पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोड्याशा जागेवर वॅक्स करून पाहणं, केल्याशिवाय नाही करणार म्हटलं की रुसून जातात. एकेकीला समजावता समजावता अर्धा तास जाते, म्हणून हे छापून घेतलं.

सगळ्यात मोठी चूक पॅच टेस्टचीही नाही. तोंडाला काय लावता ते तुम्ही सांगत नाही, ही आहे. मी विचारते, काही लावता का? उत्तर येते, काही नाही ताई, साधी क्रीम. आणि ही साधी क्रीम म्हणजे शेजारणीनं सांगितलेली, मेडिकलमधून आणलेली गोरं व्हायची ट्यूब. तिच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे, सोबत बरेचदा डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन पण असते. स्टिरॉइडनं चामडी आतून पातळ होत जाते, ट्रेटिनॉइननं वरचा थर नाजूक होते. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसते म्हणून आपण लावतच राहतो. अशा चामडीवर वॅक्सची पट्टी ओढली की केसासोबत चामडीच निघते. 2018 पासून अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी घरोघरी सापडतात.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. पार्लर सुरू केलं त्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्याच हातून झालं. वरच्या ओठावर पट्टी ओढली आणि पट्टीला कांद्याच्या पापुद्र्यासारखं काही चिकटून आलं, खाली रुपयाएवढी जागा ओली, गुलाबी, चमकणारी. पोरगी ओरडली नाही, आरशात पाहून एवढंच म्हणाली, ताई, परवा साक्षगंध आहे. तीन महिन्यांपासून ट्यूब लावत होती. जखम भरली पण काळा डाग पूर्ण पावसाळा राहिला. मी विचारलं नव्हतं, चूक माझी. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी तोंडाला हात लावत नाही, कोणाला राग आला तरी चालते.

ट्यूब लावत असाल तर घाबरून एकदम बंदही करू नका, कारण स्टिरॉइड अचानक सोडलं की चेहरा लाल होऊन आग होते, पुरळ उठते. स्किनच्या डॉक्टरला दाखवा, तोवर तोंडाला वॅक्स नाही. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर गोळ्या संपल्यावरही सहा महिने वॅक्स नको. शुगर असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल, पायाच्या नसा फुगलेल्या असतील तरी आधी सांगा.

आता पॅच टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला दोन बोटं जागेवर वॅक्स करून 24 तास पाहायचं, बस. आमच्याकडे फुकट आहे. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी टेस्टला या, आणि वॅक्स हळदीच्या तीन-चार दिवस आधी करा. ताज्या वॅक्सवर हळद चोळली की उघड्या छिद्रांत आग होते आणि बारीक फोड येतात, मग फोटोत तेच दिसते.

केस तांदळाच्या दाण्याएवढे, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर तरी पाहिजेत. कालच रेझर फिरवून आज याल तर वॅक्स केस पकडतच नाही, एकाच जागी तीनदा ओढावं लागते आणि त्यातच स्किन लाल होते. रेझरनंतर दोन-तीन आठवडे थांबा. रेझरनं केस जाड होतात म्हणतात ते खरं नाही, टोक बोथट कापलं जाते म्हणून टोचते. ज्यांना वॅक्स सोसतच नाही त्यांनी हातापायाला रेझरच वापरलेला बरा, नवीन ब्लेड, भरपूर फेस, केस ज्या दिशेनं आहेत त्याच दिशेनं. हेअर रिमूव्हल क्रीम केसाचं प्रथिन विरघळवते, आणि चामडीतही तेच प्रथिन असते, म्हणून डबीवर लिहिलेल्या मिनिटांच्या वर एक मिनिटही ठेवू नका.

दुसरीकडं स्वस्त आहे, तुम्ही जास्त घेता, असंही ऐकावं लागते. मी लाकडी पट्टी एकदा अंगाला लागली की परत डब्यात बुडवत नाही, फेकते. स्ट्रिप प्रत्येकीची वेगळी. वॅक्स आधी माझ्या मनगटावर लावून पाहते, मग तुम्हाला. फरक त्याचाच आहे, आणि नाजूक स्किनवालीला तो दुसऱ्या दिवशी कळते.

वॅक्सनंतर एक दिवस गरम पाणी, साबण, सेंट, ऊन नको. थंड पाण्याचा ओला कपडा ठेवा, सैल सुती घाला. आपल्याकडचं 45 डिग्रीचं ऊन आणि घाम, त्यात फोड लवकर येतात, म्हणून मे महिन्यात सकाळीच या. आणि वावरात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच, निंदण असो की कापूस वेचणी, वॅक्सनंतर दोन दिवस उघड्या हातानं जाऊ नका. गाजरगवताची ॲलर्जी अशा स्किनला लवकर भिडते. फवारणी झालेल्या पिकात तर अजिबात नको, औषध अशा चामडीतून जास्त आत जाते, आणि 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाडली ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

एक अजून. हनुवटीवर अचानक जाड केस वाढून राहिले असतील आणि पाळीही पुढंमागं होत असेल तर दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरला दाखवा. थ्रेडिंग मी करून देईनच, पण कारण आत असेल तर ते दोऱ्यानं जात नाही.

टेस्टला यायला अपॉइंटमेंट लागत नाही, फक्त बाजाराच्या दिवशी गर्दी असते तर दुपारनंतर या. येताना तोंडाला लावता ती ट्यूब पर्समध्ये टाकून आणा, मी तुमच्यासमोरच वाचून सांगते.