न्यू इंग्लंडमधला नेमका कोणता राइस?

आडनाव एक म्हणजे मूळ पुरुष एक, ही समजूत फार चिवट आहे. पाटील आणि कुलकर्णी ही आडनावं हुद्द्यावरून गावोगावी स्वतंत्रपणे पडली हे ठाऊक असूनही आपण दोन पाटलांमध्ये नातं शोधतोच. अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथल्या कित्येक कुटुंबांना सतराव्या शतकात जहाजातून उतरलेला आपला पहिला पूर्वज शोधायचा असतो, आणि त्या काळात त्याच नावाची तीन-चार माणसं वेगवेगळ्या वसाहतींत उतरलेली असतात. त्यांतला आपला कोणता? कागदपत्रं जिथे थांबतात तिथून पुढे फक्त पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र हे कसं सांगतं, ते मला आनुवंशिकतेतल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटतं.

एडमंड राइसचं उदाहरण घेऊ. 1620 ते 1640 या वीस वर्षांत सुमारे 20,000 इंग्रज न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात आले. हर्टफर्डशायरमधल्या बर्कहॅमस्टेडहून 1638 च्या सुमारास आलेला एडमंड त्यांतलाच. मॅसॅच्युसेट्समधलं सडबरी वसवणाऱ्यांत तो होता आणि 1663 मध्ये वारला. पण त्याच शतकात कनेक्टिकटच्या न्यू लंडनमध्ये रॉबर्ट रॉइस होता, मेनमधल्या किटरीत थॉमस राइस होता. राइस, रॉइस, रॉइज: कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. त्यात एडमंडच्या मुलाचं नाव एडमंड, नातवाचंही एडमंड. शे-सव्वाशे वर्षांनी यांच्यातला एखादा जॉन राइस पश्चिमेकडे सरकतो, नव्या गावात त्याच्या बापाचं नाव कुणी नोंदवत नाही, आणि वंशावळीचा धागा तिथेच तुटतो. अशा तुटलेल्या जागी कल्पनेची ठिगळं लावली जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडमंडला थेट वेल्सच्या सरदार घराण्याशी जोडणारी वंशावळ छापली गेली. पुढे जाणकारांनी ती तपासली, तेव्हा तिला पुरावा सापडला नाही.

मग सरळ डीएनए तपासला तर? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. एडमंडपासून आजपर्यंत साधारण बारा पिढ्या झाल्या. दर पिढीला वाटा निम्मा होतो, म्हणजे त्याचा सरासरी वाटा 4,096 पैकी एक. प्रत्यक्षात तेवढाही मिळेल याची खात्री नाही, कारण डीएनए मोठमोठ्या तुकड्यांनी उतरतो आणि इतक्या पिढ्यांनंतर पुष्कळ पूर्वजांच्या वाट्याचा एकही तुकडा उरत नाही. वंशावळीत ते पूर्वज असतात, आपल्या पेशीत नसतात. ‘लाळ पाठवा, अमुक राजाचे वंशज आहात का ते सांगतो’ असल्या जाहिराती वाचताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

वाय गुणसूत्राचं तसं नाही. डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेलं, सुमारे 6 कोटी 20 लाख अक्षरांचं हे गुणसूत्र (त्याचं संपूर्ण वाचन 2023 मध्ये झालं) टोकांचा थोडा भाग सोडला तर कुणाशीही अदलाबदल न करता बापाकडून मुलाकडे जातं. इंग्रजी आडनावही त्याच वाटेनं जातं. म्हणून एडमंडच्या आज हयात असलेल्या थेट पुरुषवंशजांकडे त्याचंच वाय आहे, फक्त नकला करताना झालेल्या चुकांसह. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक दोन प्रतींत एकच चूक दिसली की दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असं ओळखतात. इथे अगदी तेच करायचं आहे.

चुका कुठे होतात? वायवर काही ठिकाणी चार अक्षरांची चौकडी पुन्हा पुन्हा येते. उदाहरणार्थ, डीवायएस 391 नावाच्या जागी ‘टीसीटीए’ ही चौकडी बहुतेक पुरुषांत 10 किंवा 11 वेळा सलग लिहिलेली असते. नक्कल करताना डीएनएचे दोन धागे क्षणभर सुटतात आणि पुन्हा जुळतात. सगळ्या चौकड्या सारख्याच असल्यामुळे ते कधीकधी एक घर पुढे किंवा मागे जुळतात. मग मुलाकडे 10 ऐवजी 11 किंवा 9 येतात. एका जागी अशी घसरण पिढीमागे साधारण हजारात तीनदा होते. 37 जागा तपासल्या तर 37 गुणिले 0.003, म्हणजे 0.11, नऊ बाप-लेकांच्या जोड्यांपैकी एकीत फरक दिसेल. आता एडमंडच्या दोन वेगळ्या मुलांचे आजचे दोन वंशज घ्या. त्यांच्यात बारा अधिक बारा अशा चोवीस नकला झाल्या. 24 गुणिले 0.11, म्हणजे सरासरी अडीच-तीन फरक. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांत सहसा याहून पुष्कळ जास्त फरक असतात, आणि म्हणूनच एकनावाचे वंश वेगळे काढता येतात.

याहून सुंदर भाग पुढे आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या एडमंडचं वाय त्याची कबर न उकरता लिहून काढता येतं. समजण्यापुरते आकडे घेऊ: हेन्री या मुलाच्या वंशजात एका जागी 11 आहेत आणि एडवर्ड, थॉमस, सॅम्युएल यांच्या वंशजांत 10. मग एडमंडकडे 10 होते आणि बदल हेन्रीच्या शाखेत झाला, असं मानण्यात सर्वांत कमी घसरणी गृहीत धराव्या लागतात. इथे नुसतं बहुमत मोजायचं नाही. हेन्रीचे वीस वंशज आणि इतरांचा एकेकच तपासला तर 11 जिंकतील आणि उत्तर चुकेल. मत शाखेला द्यायचं, माणसाला नाही. आता हेन्रीच्या वेगवेगळ्या मुलांकडून आलेल्या सगळ्या वंशजांत 11 दिसले, तर बदल खुद्द हेन्रीतच झाला. मग कागद हरवलेल्या जॉन राइसच्या वंशजाचे बाकी आकडे एडमंडशी जुळून या जागी 11 निघाले, तर जॉन बहुधा हेन्रीकडचा.

बहुधा म्हटलं, कारण 11 चे पुन्हा 10 होऊ शकतात, किंवा दुसऱ्या शाखेत स्वतंत्रपणे 11 येऊ शकतात. म्हणून आता एकेका अक्षराचे बदल वाचतात. असा बदल इतका दुर्मिळ असतो की त्याच जागी तो दोनदा होणं जवळजवळ अशक्य. वायचा दीडेक कोटी अक्षरांचा भाग नीट वाचला तर साधारण 80 ते 90 वर्षांत असा एक नवा बदल सापडतो. म्हणजे एडमंडपासून आजवर प्रत्येक शाखेवर पाचेक पक्क्या खुणा.

राइस कुटुंबांत ही तपासणी झाली आहे. एडमंडच्या निरनिराळ्या मुलांचे वंशज एकमेकांशी जुळले आणि न्यू इंग्लंडमधले इतर राइस वंश वेगळे पडले. एडमंडचं वाय ‘आय 1’ या गटातलं. स्कँडिनेव्हियात हा गट भरपूर आढळतो, म्हणून काही जण लगेच व्हायकिंग रक्ताच्या गोष्टी सांगतात. पण पूर्व इंग्लंडमध्येही तो सर्रास आहे आणि तिथे कोण कधी घेऊन आला हे गटाच्या नावावरून कळत नाही.

आपल्याकडे मोबाइलवर फिरणारा एक मजकूर इथेच खोडून काढायला हवा. ‘ऋषींना वाय गुणसूत्र ठाऊक होतं, ते कमकुवत होऊ नये म्हणून सगोत्र विवाह निषिद्ध केला’ असं त्यात म्हणतात. आई कोणत्याही गोत्राची असो, मुलाचं वाय बापाचंच असतं. लग्नानं त्यात काहीच बदलत नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नाचा धोका मुख्यतः इतर गुणसूत्रांमुळे असतो, आणि तो मामाच्या मुलीशी लग्न केल्यावरही असतो. तिचं गोत्र वेगळं असतं, डीएनएचा आठवा हिस्सा मात्र समान असतो.

लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये 40 ब्रिटिश आडनावांच्या 1,678 पुरुषांची वाय गुणसूत्रं प्रसिद्ध केली. ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावात बहुतेकांचं वाय एकाच वंशाचं निघालं. स्मिथ मात्र इतर कुठल्याही इंग्रजांइतकेच विखुरलेले, कारण लोहार प्रत्येक गावात होता.

मर्यादा दोन. दत्तक, आडनाव बदलणं किंवा वेगळा जन्मदाता यांमुळे वाय आणि आडनावाची वाट दर पिढीला सुमारे एक टक्का फुटते असं धरलं, तर बारा पिढ्यांत ती शक्यता अकरा टक्क्यांवर जाते. उलटही घडतं. 1704 च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मार्लबरोजवळून सायलस आणि टिमोथी या राइस घराण्यातल्या मुलांना मोहॉक या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी पळवून नेलं आणि आजच्या कॅनडातल्या काहनावाके या आपल्या वस्तीत सामावून घेतलं. भाषा, धर्म, नावं बदलली, वाय मात्र एडमंडचंच राहिलं.

दुसरी मर्यादा, भावाभावांत हे गुणसूत्र सहसा फरक करत नाही. 1998 मध्ये अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या काकांच्या वंशजांचं वाय, जेफरसनच्या घरची गुलाम सॅली हेमिंग्स हिचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळलं. पण एस्टनचा बाप थॉमस की त्याचा भाऊ रँडॉल्फ, हे वाय सांगू शकलं नाही. गर्भधारणेच्या काळात घरी कोण होतं, हे जुन्या नोंदींतूनच काढावं लागलं. एडमंड नावाचे दोन चुलत राइस वेगळे करायचे तरी तेच: जमिनींची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं, आणि त्यांतली बायका-मुलांची नावं.