साउंड कार्ड ड्रायव्हरची दुरुस्ती (लिनक्स)

लिनक्स टाकलेल्या कॉम्प्युटरचा आवाज बंद पडला किंवा पहिल्यापासून आलाच नाही, तर दोष कार्डात आहे, ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आहे की साउंड सर्व्हरमध्ये (सगळ्या प्रोग्रामांचा आवाज गोळा करून कार्डाकडं पाठवणारा प्रोग्राम), ते शोधून काढायची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात याला सरसकट "ड्रायव्हर गेलाय" म्हणतात, पण बऱ्याचदा ड्रायव्हर जागेवरच असतो, आवाज म्यूट असतो नाहीतर भलत्याच वाटेनं चाललेला असतो, म्हणून फॉरमॅट मारायची घाई करू नये.

लिनक्समधल्या आवाजाची सुरुवात साधारण १९९२ च्या सुमारास हन्नू सावोलाइनेन यांनी साउंड ब्लास्टर कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरपासून धरतात, त्याचंच पुढं ओएसएस (ओपन साउंड सिस्टिम) झालं. आज वापरात आहे ते अल्सा, म्हणजे साउंड कार्डांच्या ड्रायव्हरांचा संच, ते यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डाच्या निमित्तानं सुरू केलं. अल्सा कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) कधी आलं याचं साल कुणी २००२ देतं, कुणी २००३. दोन्हीला आधार आहे, कारण २००२ मध्ये ते २.५ या डेव्हलपमेंट मालिकेत शिरलं आणि डिसेंबर २००३ च्या २.६ मधून सगळ्यांच्या मशीनवर पोचलं. वापरणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर २००३ धरणं जास्त बरोबर वाटतं.

खरा वाद पल्सऑडिओ या साउंड सर्व्हरचा. २००८ ला उबुंटू ८.०४ मध्ये तो आला आणि चांगले चालणारे कॉम्प्युटर फटफट आवाज करायला लागले, म्हणून बऱ्याच जणांनी सगळा दोष त्याच्यावर टाकला. दुसरी बाजू अशी की पल्सऑडिओ वेळेचा हिशोब ड्रायव्हरकडून बारकाईनं मागायचा आणि बऱ्याच ड्रायव्हरांचा तो हिशोबच चुकीचा होता, म्हणजे जुना दोष नव्यानं उघडा पडला. हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. २०२१ च्या फेडोरा ३४ पासून पाइपवायर हा नवा साउंड सर्व्हर आला आणि आता बहुतेक ठिकाणी तोच आहे, पण शोध खालून वर करायचा हा नियम तोच राहिला, आधी कार्ड, मग अल्सा, मग सर्व्हर.

टर्मिनलमध्ये 'एप्ले -एल' (aplay -l) दिलं की कार्डांची यादी येते. यादीत कार्ड आहे तर ड्रायव्हर लागलेला आहे, मग 'अल्सामिक्सर' (alsamixer) उघडायचं, एफ६ नं आपलं कार्ड निवडायचं आणि पट्ट्यांच्या खाली बघायचं, तिथं दोन एम दिसले तर ती पट्टी म्यूट आहे, एम दाबला की एमच्या जागी दोन गोळे येतात. हेडफोन काढूनही स्पीकर गप्प असेल तर ऑटो-म्यूट (हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद करणारी सोय) बंद करून बघावं.

बेळगाव, निपाणी ही पुणे-बंगळूर हायवेवरची गावं असल्यानं इकडं कंपन्यांतून निघालेले सेकंडहँड लॅपटॉप खूप फिरतात. त्यातल्या २०१३-१४ च्या इंटेल मशीनवर एचडीएमआयचा (टीव्ही जोडायच्या तारेचा) आवाज वेगळ्या कंट्रोलरवर असतो आणि पुष्कळदा शून्य नंबर तोच पटकावतो, स्पीकर एक नंबरला जातो. काही न सांगता अल्सा शून्यालाच आवाज पाठवतं, आणि तिथं टीव्ही जोडलेलाच नसतो. मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरांच्या सेटिंगच्या) फाइलीत 'एसएनडी एचडीए इंटेल' (snd-hda-intel) या ड्रायव्हरला इंडेक्स १,० (index=1,0) दिला की नंबर उलटे होतात.

याहून किचकट भाग कोडेक चिपचा, म्हणजे आकड्यांतला आवाज स्पीकरसाठी आणि माइकचा आवाज आकड्यांत बदलणाऱ्या चिपचा. २००४ च्या इंटेल एचडीए रचनेत कंट्रोलर एक आणि कोडेक वेगळा. कोडेकच्या कुठल्या पिनला स्पीकर, कुठल्या पिनला माइक, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो आणि बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) लिहून ठेवतो, ते लिहिणं चुकलं की चिप तीच असूनही एका लॅपटॉपवर आवाज येतो, दुसऱ्यावर नाही. कर्नलमध्ये अशा चुकांची भलीमोठी दुरुस्ती यादी आहे आणि ती मशीनच्या सबसिस्टम आयडीवरून (मॉडेल ओळखायच्या नंबरावरून) जुळवली जाते. आपलं मॉडेल त्यात नसेल तर 'मॉडेल' हा ऑप्शन हातानं द्यायचा किंवा 'एचडीएजॅकरिटास्क' (hdajackretask) या प्रोग्राममधून पिनचं काम बदलायचं. इथं धीर धरावा लागतो, एका वेळी एकच पिन बदलून रीबूट करून बघणं बरं.

साधारण २०१९ नंतरच्या काही लॅपटॉपांवर सेटिंगमध्ये नुसतं "डमी आउटपुट" दिसतं, म्हणजे सर्व्हरला खरं कार्ड सापडलेलं नसतं. यातल्या बऱ्याच मशीनवर माइक थेट डीएसपीला (आवाजावर काम करणाऱ्या वेगळ्या प्रोसेसरला) जोडलेला असतो आणि त्याला साउंड ओपन फर्मवेअरची (एसओएफ) फाइल लागते. 'डीमेसेज' (dmesg) या कमांडनं दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये फर्मवेअरच्या ओळीशेवटी उणे २ दिसलं तर ती फाइल सापडलेली नाही, एवढाच अर्थ. डेबियनमध्ये 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड' (firmware-sof-signed) हे पॅकेज टाकलं की काम होतं. २०२३ च्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरच्या सीडीतच असतं, त्याआधी वेगळं आणावं लागायचं.

सीमाभागात या दुरुस्तीला एक खास महत्त्व आहे. ओर्का हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या आवाजावर चालतो आणि ईस्पीकला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, म्हणजे ज्याला दिसत नाही असा इथला मुलगा मराठीतला धडा आणि कन्नडमधला सरकारी अर्ज एकाच मशीनवर ऐकू शकतो. त्याच्यासाठी आवाज गेला म्हणजे स्क्रीनच गेली, आणि टर्मिनलही वाचता येत नाही. "काहीच बोलेना झालंय बघा" असा निरोप आला तर फोनवरून कमांड सांगण्यात अर्थ नाही, जाऊन बघावं आणि जाताना यूएसबी साउंड कार्ड खिशात ठेवावं. ते लावलं की बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतं, फार तर आउटपुट बदलून द्यावं लागतं, आणि आतल्या कार्डाचं काम होईपर्यंत ओर्का बोलत राहतो.